बाहेरचा बिझनेस कोच लावायचाय, पण चांगला कसा ओळखायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की तुमच्यापैकी कुणी धंद्यासाठी बाहेरचा कोच लावलाय का आणि अनुभव कसा आला. त्यावर भरपूर पत्रं आणि व्हॉट्सअप आले, सगळे वाचलेत. काही वाचून खूप बरं वाटलं आणि काही वाचून रात्री झोप लागली नाही, कारण लोकांनी एफडी मोडून, दागिने ठेवून फी भरलेली आहे. माझं सांगायचं तर चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी २० वर्षं एचआर आणि ट्रेनिंग बघितलं. बाहेरचे कोच निवडायचे, त्यांची बिलं पास करायची आणि ते गेल्यावर सहा महिन्यांनी नेमकं काय उरलं ते साहेबांना दाखवायचं, हे माझ्याकडे होतं. तेवढ्या जोरावर लिहितेय. नावं कुणाचीच छापत नाहीये, वाचकांचीही नाही आणि कोच लोकांचीही नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. भोसरीत माझं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे, २२ माणसं. ९९ रुपयांच्या वेबिनारला बसलो, तिथून हॉटेलातल्या तीन दिवसांच्या वर्कशॉपला गेलो आणि शेवटच्या दिवशी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते त्या भरात वर्षाचा प्रोग्राम घेतला, १ लाख ८० हजार अधिक जीएसटी. ५० हजार भरलेत. वर्षात टर्नओव्हर डबल करून देऊ असं बोललेत. घरी आल्यापासून धाकधूक होतेय. माझा खरा त्रास म्हणजे पार्ट्यांचे पैसे ९० ते १२० दिवसांनी येतात. बाकीचे पैसे भरू का?

उत्तर : दादा, आधी तुमचंच शेवटून दुसरं वाक्य परत वाचा, तुमचा आजार तुम्ही स्वतःच लिहून पाठवलाय. आता बघा, समजा महिन्याला १५ लाखाचं बिलिंग होतं आणि पैसे १२० दिवसांनी येतात, म्हणजे कायम ६० लाख बाहेर अडकलेले. टर्नओव्हर खरंच डबल झाला तर १ कोटी २० लाख अडकतील, आणि मधल्या काळात पगार, वीजबिल, टूल्स, इन्सर्टचा खर्च तुमच्या बँकेच्या सीसी लिमिटमधूनच, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जातूनच जाणार ना? म्हणजे ज्या माणसाने तुम्हाला डबलचं वचन दिलं त्याने तुमची उधारीची वही बघितलेलीच नाही. माझ्या मते चांगल्या कोचची पहिली खूण हीच, की तो फी सांगायच्या आधी तुमच्या शॉपवर येतो, दोन तास उभा राहतो, तुमच्याशी बोलतो, सेटरशी बोलतो, मागच्या दोन वर्षांचा ताळेबंद मागतो, आणि कधीकधी बघून झाल्यावर सरळ सांगतो की साहेब हे माझं काम नाही, तुमच्या सीएकडे जा.

आणि उधारीचं काम खरंच आधी सीएचं आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, आहे का? नसेल तर ती आधी करा, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल किंवा सेवा घेतल्यावर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे हे छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्सलाही ते जोडलंय, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला तो खर्च आपल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करायला लागलेत. मला माहितीये की नोटीस पाठवली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, त्यात तुम्हाला शूर व्हा वगैरे मी सांगणार नाही. पण तुमची पार्टी मोठी असेल आणि ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन सोयीवर असेल, तर बिल तिथे टाकून डिस्काउंटिंगने, म्हणजे थोडी रक्कम कापून पैसे लवकर मिळतात, भांडण न करता. हे विचारून तरी बघा.

आता फीचा हिशोब. १ लाख ८० हजारावर १८ टक्के जीएसटी धरून २ लाख १२ हजार ४०० होतात, जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळेल असं धरू, तरी १ लाख ८० हजार खिशातून. तुमच्या धंद्यात हातात ८ टक्के उरत असतील तर एवढे पैसे भरून निघायला साडेबावीस लाखाचं जास्तीचं काम करावं लागेल. हे वाईट आहे असं नाही, पण कोचला हाच आकडा समोर ठेवून विचारा की हे तुमच्या कामातून कुठून येणार, रिजेक्शन कमी होऊन, सेटिंगचा वेळ कमी होऊन की रेट वाढवून. उत्तर आलं तर पुढे बोलता येईल. उत्तराऐवजी तुमची मानसिकताच छोटी आहे असं ऐकवलं तर बाकीचे १ लाख ३० हजार आणि जीएसटी भरू नका, आणि भरलेल्या ५० हजाराची पावती, वर्कशॉपला दिलेला फॉर्म, व्हॉट्सअपवर डबल म्हणाल्याचा मेसेज हे सगळं जपून ठेवून परताव्याची मागणी लेखी, ईमेलवर करा. फोनवर करू नका.

एक गोष्ट अजून, टाळ्यांच्या भरात सही केली म्हणून स्वतःला कमी समजू नका. त्या तीन दिवसांत एसी हॉल, मोठं म्युझिक, शेजारचा हात वर करतोय, आजच घेतलं तर सवलत, हे सगळं तुमचा विचार करायचा वेळ काढून घ्यायला मांडलेलं असतं. ज्या सेवेची सही घरी नेऊन रात्रभर विचार करून करता येत नाही ती सेवा मी कंपनीसाठी कधी घेतली नाही.

प्रश्न : सातपूर, नाशिकहून लिहितोय. आमच्या कंपनीत १४० लोक आहेत, आठ मॅनेजरसाठी बाहेरून कोचिंग घ्यायचंय. तीन प्रपोजल आलीत, तिघंही सर्टिफाइड लिहितात, एकाच्या नावापुढे तर पाच सर्टिफिकेटं आहेत. ह्याचा अर्थ कसा लावायचा?

उत्तर : सीए व्हायला संस्था आहे, कायदा आहे, गैरवागणूक केली तर नाव काढून टाकतात. बिझनेस कोच म्हणून पाटी लावायला मात्र आपल्याकडे असा कुठलाच परवाना लागत नाही, उद्या मी लावली तरी कोणी विचारणार नाही. म्हणून सर्टिफिकेट कुणी दिलं हे बघणं भाग आहे. पाचपैकी तीन बऱ्याचदा असे असतात की ज्याच्या वर्कशॉपला बसले त्यानेच दिलेले.

जगभर जास्त मानली जाणारी संस्था म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, लोक आयसीएफ म्हणतात, १९९५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीला १२५ तास शिक्षण आणि ५०० तास कोचिंग, एमसीसीला २०० आणि २५००. शिवाय मेंटर कोचकडून मार्गदर्शन, परीक्षा, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. युरोपात ईएमसीसी म्हणून दुसरी संस्था आहे, तीही चांगली. आयसीएफच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, तेवढी दोन मिनिटं काढाच. आणि एक घोळ नेहमी होतो, नुसतं आयसीएफचं सदस्यत्व असणं वेगळं आणि क्रेडेन्शियल, म्हणजे वरच्या तीनपैकी एखादी पायरी, असणं वेगळं, प्रपोजलमध्ये लोगो दोघांच्याही दिसतो. आयसीएफची मान्यता असलेला कोर्स केला म्हणजे क्रेडेन्शियल मिळालं असंही नाही.

तरीपण तासांवर डोळे झाकून जाऊ नका. मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या कोचपैकी एक बाई एसीसीच होत्या पण १५ वर्षं प्लांटमध्ये काढलेली, त्यामुळे सुपरवायझरने शिफ्ट संपताना खोटा आकडा का लिहिला हे त्यांना न सांगता कळायचं. उलट २५०० तासवाले एक गृहस्थ आमच्या लोकांशी मराठीत दोन वाक्यं बोलू शकत नव्हते आणि आमचे मॅनेजर इंग्रजीत खरं बोलत नाहीत, चांगलं बोलतात. भाषा हा क्वालिटीचाच भाग आहे, सातपूरच्या आठ मॅनेजरसाठी तर नक्कीच.

तुम्ही असं करा, तिघांनाही एकेका मॅनेजरबरोबर ४५ मिनिटांचं ट्रायल सेशन करू द्या, त्याचे पैसे द्या, फुकट मागू नका, आणि नंतर मॅनेजरला एकच विचारा की तू जास्त बोललास की तो.

प्रश्न : कोथरूडहून. माझी इंटिरिअरची छोटी फर्म आहे. कोचला एका सेशनचे ६ हजार देते आणि तो मला काहीच सांगत नाही, फक्त प्रश्न विचारतो. चार सेशन झालेत. मी फसतेय का?

उत्तर : बहुतेक नाही. पण कोचने तुम्हाला सुरुवातीला नीट समजावलं नाही एवढं नक्की, आणि ती त्याची चूक आहे.

कोचिंगची आजची पद्धत खेळातून आलीये. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात टिमथी गॅलवे नावाचा टेनिस शिकवणारा माणूस होता, त्याच्या लक्षात आलं की हात असा धर, गुडघा असा वाकव असं ओरडत राहण्यापेक्षा खेळाडूचं लक्ष चेंडूवर ठेवून त्याला काय दिसतंय असं विचारलं तर तो लवकर शिकतो. पुढे जॉन व्हिटमोर, जो आधी मोटार शर्यतीतला ड्रायव्हर होता, त्याने हे कंपन्यांमध्ये नेलं आणि ग्रो ही पद्धत लोकप्रिय केली, म्हणजे कुठे जायचंय, आत्ता कुठे आहात, काय काय रस्ते आहेत आणि नक्की काय करणार. त्यामुळे प्रश्न विचारणं हेच कोचचं काम आहे. उत्तर सांगतो तो सल्लागार, मी कसं केलं ते सांगतो तो मेंटर, पन्नास जणांना एकत्र शिकवतो तो ट्रेनर. आपल्याकडे चौघांनाही कोचच म्हणतात आणि मग घेणाऱ्याची अशी घालमेल होते.

पण प्रश्न आणि प्रश्नात फरक असतो. तुम्हाला कसं वाटलं, अजून काय, असं दर वेळी तेच चाललंय का? की असा एखादा प्रश्न आला ज्याने दोन दिवस डोकं भणभणत राहिलं, उदाहरणार्थ क्लायंटने तिसऱ्यांदा डिझाइन बदललं तेव्हा त्याचे जास्तीचे पैसे तुम्ही का नाही मागितले? चार सेशनमध्ये असा एकही आला नसेल, आणि मागच्या वेळी ठरलेलं केलं का हे पुढच्या वेळी तो विचारतच नसेल, तर थांबवा. आणि तुम्हाला कोटेशन कसं बनवायचं, साइट सुपरवायझरचा पगार किती असावा असली उत्तरं हवी असतील तर कोच नकोच, तुमच्याच क्षेत्रातली दहा वर्षं पुढे असलेली कोणीतरी शोधा आणि तिला महिन्यातून एकदा जेवायला बोलवा, खरंच.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं कापडाचं आहे, आधी साधे माग होते, आता एअरजेट घेतलेत. मी ३१ वर्षांचा, धंदा अजून वडिलांच्या हातात आहे. वडिलांनीच माझ्यासाठी बाहेरचा कोच लावला, फी तेच देतात. मी सेशनमध्ये बोललो की मला हा धंदा सोडून पुण्याला जावंसं वाटतं आणि आठ दिवसांत ते वडिलांना कळलं. कोच म्हणतो की फी देणाऱ्याला माहिती द्यावीच लागते. घरात बोलणं बंद आहे. कोचचं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. अजिबात नाही. तुझं पत्र वाचून मला राग आला आणि मी तुला अरेतुरे करतेय ते माफ कर, तू माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस.

कोणी पैसे देतो आणि कोणी समोर बसतो हे दोघं वेगळे असतात हे कोचिंगमध्ये रोजचंच आहे, कंपनीत तर नेहमी तसंच असतं. म्हणून नीट काम करणारा कोच पहिल्या सेशनच्या आधी तिघांना एकत्र बसवतो, त्या बैठकीत विषय ठरतो आणि कोणाला काय कळणार हे कागदावर लिहिलं जातं. साधारणपणे फी देणाऱ्याला एवढंच कळतं की सेशन झालं की नाही आणि ठरलेल्या विषयावर काम चाललंय की नाही. आत काय बोललं गेलं ते ज्याचं त्याने सांगायचं. आयसीएफच्या नीतिनियमांतही गोपनीयता आणि ती कुठे संपते हे आधीच स्पष्ट करून घेण्यावर भर आहे, अपवाद म्हणजे कायद्याने भाग पडलं किंवा कुणाच्या जिवाला धोका असला तर. पुण्याला जावंसं वाटतं हा जिवाला धोका नाही. तुमच्यात असा कागद झाला नव्हता, म्हणजे दोष कोचचा आहे, तुझा नाही आणि तुझ्या वडिलांचाही फारसा नाही, त्यांना वाटलं असेल की पैसे दिले म्हणजे विचारलं तर चालतं, दिवाणजीला नाही का आपण विचारत.

कोचिंग थांबव. पण वडिलांशी बोलणं थांबवू नको. एअरजेटला लागणारा पैसा बघता मला वाटतं कर्जाच्या कागदांवर तुझीही सही असणार, तसं असेल तर हा विषय भावनेचा जेवढा आहे तेवढाच बँकेचा आहे आणि तिथून सुरुवात करणं कदाचित दोघांनाही सोपं जाईल. हप्ते किती वर्षं आहेत, तू नसलास तर यंत्रं कोण बघणार, दोन वर्षांनी गेलास तर काय. मामा किंवा कोणी जुना व्यापारी मित्र, ज्याचं वडील ऐकतात, तो असला तर बरं. घरच्या धंद्यात बाहेरचा कोच नक्की उपयोगी पडतो पण तो दोघांनी मिळून निवडलेला असावा लागतो, एकाने दुसऱ्याला दुरुस्त करायला लावलेला नव्हे.

प्रश्न : सांगलीहून, मसाले आणि चटण्या करते, १० बायका कामाला आहेत. कोच म्हणतात की त्यांनी सांगितलेलंच बिलिंग सॉफ्टवेअर घ्या आणि त्यांच्याच ओळखीच्या माणसाकडून कर्ज करा. घेऊ का?

उत्तर : ताई, त्यांना सरळ विचारा की ह्यात तुम्हाला कमिशन आहे का. आहे म्हणाले तर ते गुन्हा करतायत असं नाही, पण मग तो सल्ला नाही, विक्री आहे, आणि तुम्ही दुसरीकडचे दोन भाव काढल्याशिवाय काही घेऊ नका. चांगला कोच हे न विचारता आधी सांगतो. कर्जाचं तर त्यांच्याकडून नकोच, आधी तुमच्या स्वतःच्या बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. बिल मागा. ते जीएसटी लावत असतील तर बिलावर नंबर हवाच, आणि लावत नसतील तर त्यांची उलाढाल २० लाखाच्या आत असेल, तेही चालतं. तुम्ही स्वतः जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या ठरावीक दराच्या योजनेत असाल तर त्यांनी लावलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही, म्हणजे फी तेवढी महाग धरा.

आणि पॅकिंगला वेळ जातो, माल सांडतो, जागा पुरत नाही असलं तुमचं दुखणं असेल तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची लीन योजना बघा, २०२३ मध्ये नव्याने आली, त्यात बाहेरचा तज्ज्ञ येऊन काम करून देतो आणि त्याच्या फीचा ९० टक्के भार सरकार उचलतं असं तिचं स्वरूप आहे, उद्यम नोंदणी मात्र लागते. उद्योजकतेचं साधं शिक्षण हवं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची, म्हणजे एमसीईडीची, शिबिरं असतात, तिथे आधी जाऊन या.

प्रश्न : वाळूजच्या एका कंपनीत एचआर बघतो. मागच्या वर्षी बाहेरून कोचिंग प्रोग्राम घेतला, फीडबॅक फॉर्मला ५ पैकी ४.८ आले. डायरेक्टर आता विचारतायत की फरक काय पडला आणि माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तर : ह्या खुर्चीत मी स्वतः बसलेली आहे. आमच्याकडेही एकदा असाच कार्यक्रम झाला होता, सगळे खूश, फोटो, केक, शेवटच्या दिवशी दोघंजण रडले सुद्धा, मी बिल पास केलं आणि चार महिन्यांनी त्याच लाइनवर तोच सुपरवायझर त्याच पोराला सगळ्यांसमोर शिव्या देताना मी ऐकला. त्या दिवशी मला कळलं की मी त्यांना जेवण कसं होतं एवढंच विचारलं होतं.

डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्येच ह्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, की लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, कामावर आल्यावर वागणं बदललं का आणि त्याने धंद्याला काय मिळालं. आपला फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. तिसरी पायरी मोजायची तर कोचिंग सुरू व्हायच्या आधीच मोजायला सुरुवात करावी लागते, नंतर जमत नाही, कारण आधी कसं होतं ते कुणालाच आठवत नाही. आम्ही पुढच्या वेळी असं केलं की प्रत्येक मॅनेजरचे एक किंवा दोनच विषय घेतले, जास्त नाही. एकाचा विषय होता मीटिंगमध्ये दुसऱ्याचं बोलणं तोडणं. त्याच्या हाताखालच्या चार आणि बरोबरीच्या दोन जणांना सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी एकच प्रश्न, आधीपेक्षा कमी, तेवढंच की जास्त? नाव न लिहिता चिठ्ठी. त्याच्या जोडीला त्याच्या डिपार्टमेंटचे आधीपासूनच लिहिले जाणारे आकडे, रिवर्क, न सांगता सुट्ट्या, नोकरी सोडून गेलेली माणसं. नवीन काही मोजायला गेलात तर लोक फॉर्म भरून भरून वैतागतात.

अमेरिकेतले मार्शल गोल्डस्मिथ हे मोठे एक्झिक्युटिव्ह कोच याच पद्धतीने, म्हणजे आजूबाजूच्या लोकांना फरक दिसला तरच फी, अशा बोलीवर काम करण्यासाठी ओळखले जातात. आपल्याकडे एवढं कोणी मान्य करेलच असं नाही पण फीचा शेवटचा २० ते २५ टक्के हप्ता सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या झाल्यावर द्यायचा अशी अट मी दोनदा घातली आणि दोन्ही वेळा चांगल्या कोचने कुरकुर न करता मान्य केली. डायरेक्टरना आज मात्र खोटा आकडा देऊ नका. मागच्या वर्षी मोजलं नव्हतं, हे सांगा, आणि आत्ता ह्या आठवड्यात त्या मॅनेजरच्या हाताखालच्यांशी एकेकटं बोलून जे कळेल ते त्यांच्यासमोर ठेवा.

प्रश्न : मी स्वतः कोच आहे, छत्रपती संभाजीनगरला, तीन वर्षं झाली. छोटे उद्योजक क्लायंट आहेत. पहिल्याच फोनला गॅरंटी विचारतात, नाही म्हटलं की दुसरीकडे जातात. आणि एक क्लायंट सध्या फार खचलाय, कर्ज आहे, सेशनमध्ये रडतो, मला काय करावं समजत नाही.

उत्तर : आधी दुसरं, कारण ते घाईचं आहे. त्यांची झोप, जेवण कसं आहे, जगायची इच्छा नाही असं काही बोलतात का, हे त्यांना स्पष्ट शब्दांत विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नको ते येत नाही. तसं काही निघालं तर त्यांना एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला त्यांच्यासमोर फोन लावा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलता येतं. आणि ह्या काळात त्यांच्याकडून टार्गेट वगैरे घेऊ नका, फीही घेऊ नका असं मी म्हणेन. कोचिंग हे बऱ्यापैकी उभं राहू शकणाऱ्या माणसासाठी असतं, पडलेल्याला आधी डॉक्टर लागतो, आणि तुम्ही हे वेळेत ओळखलंत म्हणजे तुमचं काम चांगलंच आहे.

गॅरंटीचं असं आहे की निकालाची गॅरंटी तुम्ही देऊ शकत नाही कारण काम क्लायंट करणार आहे. पण तुमच्या वागण्याची देऊ शकता, आणि ती कागदावर दिलीत तर लोकांना पटते असा माझा अनुभव आहे. दोन पानांचा मराठीत करार करा. सेशन किती, किती वेळाचे, रद्द केलं तर काय, बोललेलं कुणाला कळणार नाही, कुठल्या गोष्टी तुम्ही करणार नाही, म्हणजे टॅक्स, कायदा, कर्ज, आणि तिसऱ्या सेशननंतर दोघांपैकी कुणालाही न भांडता थांबता येईल, उरलेले पैसे इतक्या दिवसांत परत. हे शेवटचं लिहायला धाडस लागतं पण वर्षाची फी एकदम घेणाऱ्यांपेक्षा तुम्ही इथेच वेगळ्या दिसता.

स्वतःसाठी एक सुपरव्हायझर घ्या, म्हणजे तुमच्यापेक्षा अनुभवी कोच, जिच्यासमोर महिन्यातून एकदा तुम्ही तुमची अडलेली केस नाव न सांगता मांडता. ह्या खचलेल्या क्लायंटबद्दल तुम्ही मला लिहिलंत ते खरं तर तिला लिहायला हवं होतं, दोन आठवडे आधी. डॉक्टरांकडे नेल्यावर कर्जाच्या हप्त्यांबद्दल बँकेशी बोलायला त्यांच्या सीएला बरोबर घेऊन जाता येतं, तुम्ही फक्त सीएचा नंबर त्यांच्या बायकोकडे आहे ना तेवढं बघा.